व्हेनिस, मार्गे महाड

वन्सं, तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि फ्रिजच्या दारावर तुम्ही चिकटवलेलं व्हेनिस अजून तसंच आहे. दूध काढायला गेलं की आधी ते दिसतं. जुन्या कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू, निळ्या पेनानं काढलेले कालवे, लाल पेनानं आपली वाट आणि प्रत्येक वळणावर तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात दोन-दोन नावं, एक तिथलं, एक महाडचं. तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, म्हणतात काढून ठेव आता. काढून कुठे ठेवू, ते मात्र सांगत नाहीत.

भेटायला माणसांची रीघ लागली होती. अर्धं महाड तुमच्या हाताखालून गेलेलं. जो तो येऊन सांगत होता, बाई अशा होत्या, बाई तशा होत्या, बाईंनी नकाशा भरताना कान पिळला होता. ऐकून घेत होते मी. पण मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी अजून कुणाजवळ बोलले नाही. तुमच्या जाण्यात माझा हात किती, हे मला विचारायचं आहे. सरळ विचारायची छाती होत नाही, म्हणून जरा फिरून येते. तुम्हालाही सरळ रस्ता कधी आवडायचा नाही.

सगळं सुरू झालं ते आमच्या निखिलच्या फोननं. दोन वर्षं झाली त्याला इटलीत नोकरीला, व्हेनिसजवळच्या गावात. दिवाळीत म्हणाला, "आई, आत्या, दोघी मे महिन्यात या. बाबांना विमानाची भीती वाटते तर त्यांना राहू दे." आणि पाठोपाठ त्यानं फोनवर व्हेनिसची पायी फिरायची वाट पाठवली. स्टेशनापासून निघायचं, हा पूल, तो पूल, ते देऊळ, मोठा चौक, राजवाडा, परत. मी म्हटलं, बरं. तुम्ही मात्र चष्मा पुसून पुन्हा घातलात आणि खुर्चीत ताठ बसलात. इतकी वर्षं पोरांना खाजणातलं, खाऱ्या दलदलीतलं शहर म्हणून शिकवलं आणि स्वतः कधी पाहिलं नाही, हे शल्य होतं तुमचं. "आपल्या दासगावच्या खाडीकडे आहे ना सुमन, तसलंच खाजण. त्यांनी त्यात राजवाडे उभे केले, आपण भात लावला. एवढाच फरक." एवढाच म्हणे!

मग संध्याकाळी आपण त्याचे व्हिडिओ बघत बसलो. एका व्हिडिओत त्यांच्या मोठ्या चौकात पाणी भरलेलं आणि माणसं रबरी बूट घालून फळ्यांवरून चाललेली. सांगणारी बाई घाबऱ्या आवाजात सांगत होती. आपण दोघी एकमेकींकडे बघितलं. "गुडघ्याएवढंसुद्धा नाही की गं," तुम्ही म्हणालात. महाडच्या माणसाला पुराचं पाणी दाखवायचं म्हणजे किमान पहिल्या मजल्यापर्यंत तरी हवं. मागच्या पुरात आपण तिघं तुमच्या वरच्या खोलीत बसून होतो आणि खाली आपलाच गॅसचा सिलिंडर भिंतीवर ठोके देत घरभर फिरत होता. तेव्हा कुणाला हसू आलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "पाणी भरलं की ही माणसं सिलिंडर कशाला बांधून ठेवत असतील गं?" आणि मी पदर तोंडाला लावून हसले. निखिलला विचारलं तर त्याला काही सांगता येईना. तुम्ही म्हणालात, गेल्यावर पहिलं हेच विचारायचं.

चालायचा सराव ही कल्पना तुमची. पायऱ्यांचा बेत मात्र दोघींचा. व्हेनिसला गाडी नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही आणि पूल म्हणजे एकेक जिना, चढायचा आणि उतरायचा. तुम्ही शहात्तर वर्षांच्या. मी म्हटलं, स्टेशनापासून बोट मिळते म्हणे, बोटीनं जाऊ चौकापर्यंत. केवढ्या तडकलात! "बोटीनं गेले तर मी व्हेनिस चालले कुठे? नुसतं पाहिलं." मी म्हटलं, पाहायलाच तर चाललोय. ते भांडण आपलं अर्धंच राहिलं. अजूनही मला वाटतं माझं बरोबर होतं. बोटच बरी होती.

पण नकाशा झाला. एसटी स्टँड म्हणजे त्यांचं रेल्वे स्टेशन. "बाहेर पडलं की समोर पाणी, सुमन, डोळे मीट," असं म्हणून तुम्ही मला भर स्टँडबाहेर डोळे मिटायला लावायच्यात आणि रिक्षावाले विचारायचे, काकूंना चक्कर आली काय? बाजारातली गल्ली म्हणजे काचसामानाच्या दुकानांची गल्ली. वीरेश्वराचं आवार म्हणजे तो मोठा चौक, म्हणून तुम्ही पिशवीत मूठभर तांदूळ ठेवायच्यात, तिथे कबुतरं असतात म्हणून. इथे कावळे यायचे. जुन्या बंदराकडचा नदीचा काठ म्हणजे मोठा कालवा. "इथपर्यंत भरतीला गलबतं यायची," हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत त्याला सुमार नाही. आणि दर रविवारी रिक्षानं गांधारपाल्याला जाऊन लेण्यांच्या पायऱ्या, म्हणजे सगळ्यांत मोठा पूल.

चवदार तळ्याला मात्र तुम्ही दुसरं नाव लावू दिलं नाहीत. मी आपली उत्साहानं म्हणाले, हे घ्या, ही त्यांची गोदी. तुम्ही थांबलात. "याला कशाचं नाव द्यायचं नाही. हे पाणी ज्यांना प्यायला मिळत नव्हतं त्यांनी ते ओंजळीत घेतलं, असं पाणी व्हेनिसला नाही." मग कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिलात. नकाशात त्या जागी एकच नाव आहे. मला तुमचा तेव्हा अभिमान वाटला होता. तोंडावर बोलले नाही. तुमची स्तुती केली की तुम्ही माझ्याकडे अशा बघायच्यात, जशी मी काहीतरी फोडून ठेवलंय आणि लपवतेय.

पोलादपूरच्या वरच्या वाडीवरून मी या घरात आले तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायचीही भीती वाटायची. नाय-हाय करणारी पोर आणि नणंद शाळेत बाई! पहिल्या महिन्यात आई मला बघायला आली, डोक्यावर पाटी, पाटीत तुपाची किटली, पायात धुरळा. येऊन सरळ जमिनीवर बसली. शेजारणी खुर्च्यांवर होत्या. तुम्ही शाळेतून आलात, पर्स ठेवलीत आणि आईशेजारी खाली मांडी घातलीत. आई कावरीबावरी झाली. "बाय, तुमी मास्तरीन, तुमी खाली कशाला बसता गो?" तुम्ही म्हणालात, "दिवसभर खुर्चीत बसून कंटाळा आलाय हो." त्या दिवसापासून मी तुम्हाला घाबरायचं सोडलं आणि भांडायला लागले. त्याचे उपकार कसे फेडायचे, मला माहीत नाही. भांडून फेडत होते म्हणायचं.

आता त्याच आईची एक गोष्ट सांगते, म्हणजे मग मला मागे फिरता येणार नाही. आमच्या वाडीला बाजार करायचा म्हणजे पोलादपूरला उतरायचं आणि डोक्यावर ओझं घेऊन परत चढायचं. गवताचे भारे असोत, लाकडं असोत, मिठाची गोणी असो. चढणीवर बसायचं नाही, हा आमचा कायदा. मध्ये एका जागी कमरेएवढा दगडी कट्टा आहे, त्यावर ओझं टेकायचं, पण माणसानं नाही. "बसलीस का पाय भरतील, मग उठाया होयाचं नाय. उभ्यानं दम घे नि चल." आई हे मला सांगायची, आईला तिच्या आईनं सांगितलं असेल. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून हे अंगात मुरलेलं. आमच्याकडे चढणीवर बसलेलं माणूस म्हणजे आजारी नाहीतर आळशी. आणि माझ्या डोक्यात तुम्ही आजारी नव्हताच.

संक्रांतीनंतर तुम्ही प्रत्येक ठिकाणी जास्त बोलायला लागलात. बाजाराच्या गल्लीत थांबून गल्लीची गोष्ट. वीरेश्वराच्या दारात थांबून छबिन्याची गोष्ट, कुठल्या गावची पालखी कुठून येते, कोण आधी, कोण नंतर. नदीकाठी पुन्हा गलबतं. मी कंबरेवर हात ठेवून उभी. "वन्सं, पुरे की आता! शाळा सुटली, चला." तुम्ही म्हणायच्यात, "एवढं ऐकून घे, मग निघू." आणि सांगताना मध्येच गप्प व्हायच्यात, कठड्याला, खांबाला, जे असेल त्याला धरून. मला वाटायचं, आठवतायत. अहो, तुम्ही श्वास घेत होता. ते इतिहास सांगणं नव्हतंच, ती तुमची उभ्यानं विश्रांती होती. बसायची चोरी, कारण बसलात की मी ओरडणार. हे मला आता कळतंय, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, एकेक ठिकाण आठवतं आणि कळतं. इथेही. इथेही.

पाठ दुखते म्हणालात, मी बाम चोळला. जबडा दुखतो म्हणालात, दातांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. जेवल्यावर भरल्यासारखं होतं म्हणालात, मी ओवा दिला. आणि तुम्हाला लवकर धाप लागते हे बघून मी काय केलं? सराव वाढवला. आठवड्यातून तीनदा होता तो रोज केला. मला वाटलं, सवय कमी पडतेय. वाडीवर कुणाला दम लागला तर आम्ही हेच करतो, जास्त चालवतो. मूर्ख बाई आहे मी, वन्सं.

तो शिमग्याच्या आधीचा रविवार. सकाळी ऊन अजून पायरीवर आलं नव्हतं. पाल्याच्या पायऱ्या आपण निम्म्या चढलो आणि तुम्ही म्हणालात, "सुमन, जरा बसूया गं." इतिहास नाही, गलबत नाही, काही नाही. नुसतं बसूया. आणि पायरीला हात टेकून अर्ध्या बसलातसुद्धा. मी मागे वळून म्हणाले, "चढणीला बसायचं नाही. वर गेल्यावर बसा हवं तेवढं. आणि व्हेनिसला पुलाच्या मध्यावर बसाल तर मागची गोरी माणसं शिव्या देतील." हसत हसतच म्हणाले. तुम्हीही हसलात. माझ्याकडे हात केलात, मी तुम्हाला उठवलं. माझ्या या हातानं उठवलं.

वर पोचलात तुम्ही. पहिल्या लेण्याच्या ओसरीत खांबाला टेकून बसलात. खाली गांधारी नदी, पलीकडे सावित्री, हायवेवरचे ट्रक. मी पाण्याची बाटली उघडत होते. तुम्ही म्हणालात, "इथून छान दिसतं." मी बाटली पुढे केली आणि तुम्ही घेतली नाहीत. एवढंच. आरडाओरडा नाही, काही नाही. खालचा रिक्षावाला तुमचाच विद्यार्थी, त्यानं आणि आणखी दोघांनी तुम्हाला उचलून उतरवलं. मी मागून तुमच्या चपला हातात घेऊन धावत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास होता का? मी म्हणाले, नाही हो, काहीच नाही, ठणठणीत होत्या.

तेव्हापासून मी हेच सांगतेय. काहीच नव्हतं, अचानक झालं. बायका म्हणतात, पुण्यवान, हातपाय चालते असताना गेल्या, कुणाला त्रास नाही. मी मान हलवते.

निखिलला रजा मिळून तो येईपर्यंत तुम्हाला ठेवता येण्यासारखं नव्हतं. त्यानं सगळं फोनच्या पडद्यावर बघितलं. त्या रात्रीपासून तो एकच धरून बसलाय, "आई, मी बोलावलं म्हणून हे झालं. मी ती वाट पाठवली नसती तर आत्या आज घरात असती." पोरगं तिकडे एकटं, जेवत नाही नीट. मी त्याला काय सांगितलं? "वेड्यासारखं बोलू नकोस. आत्याची वेळ भरली होती." पायरीवरचं माझं एका वाक्यात सांगितलं असतं तर त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. नाही सांगितलं. माझ्या पोराला त्या धोंड्याखाली ठेवून मी त्याची समजूत घालत बसले.

आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हे. दुपारी तुमच्या खोलीत कपाट आवरत होतो. तुमच्या साड्या कुणाला द्यायच्या ते मी बोलत होते आणि हे एकदम पलंगावर बसले. म्हणाले, "ताईनं मला सांगितलं होतं." काय? "छातीत भरून येतं म्हणून. महिना झाला. म्हणाली, जाऊन आल्यावर दाखवू. सुमनला सांगू नकोस, ती जाणं रद्द करेल. मला शपथ घातली होती." वन्सं, मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू धावत आल्या. ह्यांना म्हटलं, अहो, तोंडाला कुलूप लावलं होतं का तुमच्या? सख्खी बहीण तुमची, आईच्या जागी होती, आणि शपथ पाळत बसलात? तुमची साडी मांडीवर घेऊन सत्तरीचा माणूस लहान मुलासारखा रडला. मग मीच त्यांना पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, म्हणाले, तुमचा काय दोष. पुन्हा तेच. पुन्हा माझं पोटात ठेवलं.

तुमच्यावरही भडकले आहे मी, आत्ताही आहे. माझ्यापासून लपवलंत! मी रद्द केलं असतं, हो, केलंच असतं. मुंबईला नेलं असतं, सतरा तपासण्या केल्या असत्या आणि व्हेनिस गेलं उडत. तुम्ही आयुष्यभर शिकवलेलं गाव एकदा बघायचं होतं तुम्हाला, कळतं मला. पण मग आम्ही तिघं काय करायचं? निखिल म्हणतो मी बोलावलं, हे म्हणतात मी बोललो नाही, आणि मी तर बसू दिलं नाही. तिघांनी वाटून घेतलं तुमचं मरण, तरी कुणाच्या वाट्याचं रतीभर कमी होत नाही.

आज सकाळी शेवटी सांगितलं. ह्यांना चहा दिला, समोर बसले आणि सगळं सांगितलं. धाप, ओवा, रोजचा सराव, आणि ती पायरी. म्हटलं, निखिललाही आज फोन करून सांगणार आहे, त्यानं मला काय बोलायचं ते बोलू दे. वाटलं होतं, हे चिडतील, उठून जातील. वाटलं होतं, मी तुमच्यावर ओरडले तसे माझ्यावर ओरडतील. बरं वाटलं असतं. ह्यांनी कप खाली ठेवला. रागानं नाही, अगदी खरंच नवल वाटल्यासारखं विचारलं, "तू उठ म्हणालीस, आणि ताई उठली?"

तेव्हापासून मी स्वयंपाकघरात बसून आहे. कुकर लावलेला नाही. निखिलला फोन अजून केलेला नाही, करीन, हे लिहून झालं की करीन. पण आधी तुम्ही बोला. भाजीत मीठ कमी घाला म्हटलं, तुम्ही वरून घेतलंत. पावसात छत्री न्या म्हटलं, भिजत आलात. पुराचा भोंगा वाजल्यावर खालून लवकर वर या म्हटलं, तर गुडघाभर पाण्यात उभ्या राहून नकाशे गोळा करत राहिलात. बोटीनं जाऊ म्हटलं, तर चालतच जाणार म्हणालात. चाळीस वर्षं मी सांगत राहिले आणि तुम्ही तुमचंच खरं करत राहिलात. मग त्या पायरीवर, वन्सं, त्या एकाच वेळी, माझं कशाला ऐकलंत?